शंभर टक्क्यांचा छेद



वसंत व्याख्यानमालेचे आणि परीक्षेच्या निकालांचे नाते जुने आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही व्याख्यानांची प्रथा सुरू केली, आणि तेच रानडे मुंबई विद्यापीठाच्या १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. म्हणजे ज्यांनी आपणांस उन्हाळ्यात ऐकावयास बसविले, तेच आपल्याकडील पहिल्या निकालाचेही मानकरी. तेव्हा व्याख्यान आणि निकाल यांची गाठ एका संध्याकाळी घालून दिली, तर त्यात औचित्यभंग होईल असे आम्हांस वाटत नाही.

चिटणिसांनी आम्हांस विषय दिला तो असा : ‘आपल्या तालुक्यातील हायस्कुले : कोणते सरस?’ विषय ऐकताच आमच्या पोटात गोळा उठला. तीस वर्षांहून अधिक काळ खडू हातात धरलेल्या माणसाने एका शाळेचे नाव घ्यावे, तर बाकीच्या शाळांनी त्यास गावात फिरू देऊ नये. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, आज येथे कोणत्याही शाळेचे नाव निघणार नाही. सरस कोण हे आम्ही सांगणार नाही. सरस कोण हे ठरवावयाचे कसे, एवढेच सांगू. वैद्याने रोग्याला औषध दिले नाही, पण नाडी पाहण्यास शिकविले, तर तेही काही अगदी निरुपयोगी नव्हे.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. आमच्या व्यवसायातील पुष्कळ मंडळी म्हणतात की, शाळांची तुलनाच करू नये. शाळा म्हणजे काही बाजारातील आंबे नव्हेत की दाबून पाहावे. हे बोलणे कानाला गोड लागते. पण ते आम्हांस मान्य नाही. जिल्हा परिषदेचे हायस्कूल असो, नगरपालिकेचे असो, नाहीतर एखाद्या संस्थेचे अनुदानित हायस्कूल असो, तेथील शिक्षकांचा पगार सार्वजनिक तिजोरीतून होतो. ती तिजोरी आपली आहे. जेथे पैसा आपला आणि मूलही आपले, तेथे हिशेब मागण्याचा अधिकार आपला नाही असे कोण म्हणेल? शिवाय ज्याच्या घरी चार शिकलेली माणसे आहेत, तो तुलना केल्यावाचून राहतच नाही; तो चौकशी करतो, ओळखी काढतो. तुलना करू नका असे म्हटल्याने अडते ते फक्त ज्याला ओळखी नाहीत त्याचे. म्हणून तुलना अवश्य करावी, उघडपणे करावी. आमचे म्हणणे एवढेच आहे की ती खरी असावी.

आता निकालाच्या दिवशी आपल्या गावात काय होते ते आठवा. दुपारी निकाल लागतो आणि संध्याकाळच्या आत एस. टी. स्टँडच्या चौकात फलक चढतात. ‘शंभर नंबरी शाळा’, ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’. फलकावर मुलांचे फोटो, त्यांच्यावर संस्थाचालकांचे फोटो, आणि सर्वांत वर सर्वांत मोठा फोटो ज्यांचा शाळेशी कोणता संबंध हे कोणासच ठाऊक नसते अशा गृहस्थांचा! शेजारच्या फलकावर दुसऱ्या शाळेचा अठ्ठ्याऐंशी टक्के निकाल असतो. बहुधा तो फलकावर नसतोच. अठ्ठ्याऐंशीचा फलक कोण लावतो? जूनमध्ये पालक एका दाराशी रांग लावतात आणि दुसरे दार ओस पडते. पट घटला की तुकडी तुटते, तुकडी तुटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि चारपाच वर्षांत एक चांगली शाळा डोळ्यांदेखत खंगून जाते. फलक कापडाचा असतो, पण त्याचा घाव असा खोल जातो. म्हणून त्या फलकावरील आकडा नीट वाचता येणे ही केवळ गणिताची हौस नव्हे, ती गावाची गरज आहे.

टक्केवारी म्हणजे काय? एक अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. आपणांपैकी प्रत्येकाने हे पाचवी-सहावीत घोकले आहे. पास झालेली मुले हा अंश. पण छेद कोणता? परीक्षेस बसलेली मुले. येथेच सारे मर्म आहे. अंश परीक्षा-मंडळ ठरविते. छेद मात्र पुष्कळ अंशी शाळाच ठरविते. आणि ज्याच्या हातात छेद आहे, त्याला शंभर टक्के आणण्यासाठी एकही मूल अधिक शिकवावे लागत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तालुक्यात दोन हायस्कुले आहेत. दोहोंत आठवीच्या वर्गात शंभर शंभर मुले आली. आठवीपासूनच मोजावयाचे कारण असे की, खेड्यांतील बऱ्याच शाळा सातवीला संपतात आणि तेथली मुले आठवीला तालुक्याच्या गावी येतात. पहिल्या शाळेने दोन वर्षांत चाळणी लावली. कोणाला नववीत मागे ठेवले, कोणाच्या बापाला बोलावून दाखला काढावयास लावला, कोणी मागे राहिल्याच्या शरमेने आपणहून यावयाचे थांबले. दहावीच्या परीक्षेस बसली साठ मुले. साठच्या साठ पास झाली. निकाल शंभर टक्के! दुसऱ्या शाळेने कोणास बाहेर काढले नाही. कोणी परगावी गेले, कोणी शेतात अडकले, ती मुले सोडून ब्याण्णव मुले परीक्षेस बसली. एक्याऐंशी पास झाली, अकरा नापास झाली. निकाल अठ्ठ्याऐंशी टक्के. फलकावर पहिली शाळा जिंकली. पण आठवीच्या दारातून जी शंभर मुले आत आली, त्यांचे काय झाले असे विचाराल, तर पहिल्या शाळेतून साठ पार झाली आणि दुसरीतून एक्याऐंशी. आपले मूल पहिल्या साठांत बसेल अशी खात्री असेल, तर पहिल्या शाळेत घालावे. पण ही खात्री आठवीच्या जूनमध्ये कोणत्या बापाला देता येते?

कोणी म्हणेल, हे उदाहरण तुम्ही रचलेले. प्रत्यक्षात असे कोण करतो? श्रोतेहो, करणारा आपल्यापुढे उभा आहे.

२००४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा एका हायस्कुलात नववीचे वर्गशिक्षक होतो. सलग दोन वर्षे शंभर टक्के निकाल लागला होता आणि संस्थेला तिसरे वर्ष हवे होते. मार्चमध्ये शिक्षकांची सभा झाली. वर्गशिक्षकांनी ‘धोक्याच्या’ मुलांच्या याद्या द्याव्यात असे ठरले. धोका मुलांना नव्हता. मुलांपासून निकालाला होता! आमच्या यादीत सात नावे होती. त्यांतील एका मुलाचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. त्यांना आम्ही बोलाविले. डोक्याला बांधलेला पंचा सोडून तो हातात धरून ते उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. आम्ही त्यांना समजावून सांगितले की, मुलगा गणितात फार कच्चा आहे, पुन्हा नववी करावयाची तर वर्ष जाईल, त्यापेक्षा दाखला काढावा आणि पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यावी. ते एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही म्हणाल तसं. पोराचं वाटोळं तर होणार नाही ना?” आम्ही म्हणालो, “नाही, नाही.”

त्या मुलाच्या पुढच्या वर्षी, म्हणजे त्याचा वर्ग दहावीस बसला तेव्हा, आमचा निकाल पुन्हा शंभर टक्के लागला. फलकावर वर्गशिक्षक म्हणून आमचेही छायाचित्र होते. दोन वर्षांनी तो मुलगा पेढे घेऊन आमच्या घरी आला. दिवसा यार्डात वडिलांबरोबर पोती उचलून, रात्री अभ्यास करून, तो बाहेरून परीक्षा पास झाला होता. गणितात पस्तीस गुण होते. पण होते ना? आम्ही ज्याला ‘होणार नाही’ म्हणून बाहेर काढले, तो पास झाला होता. आणि गंमत अशी की, तो कोणत्याच शाळेच्या निकालात नव्हता. नियमित विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा जाहीर होतो आणि बाहेरून बसणाऱ्या खासगी विद्यार्थ्यांचा वेगळा. शाळेच्या फलकावर येतो तो नियमितांचा. तो नापास झाला असता तरी आमच्या शंभराला ओरखडा आला नसता, आणि पास झाला म्हणून शंभराचे एकशे एक झाले नाहीत. यादीतील बाकीच्या सहांपैकी कोणी पेढे घेऊन आले नाही. त्या पेढ्याची चव आमच्या जिभेवरून अजून गेलेली नाही.

ही चाळणी बहुधा नववीतच का लागते, याचेही कारण आहे. २००९ सालच्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही. मूळ कायद्याने त्याच वर्गात मागे ठेवण्यासही बंदी होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या परीक्षांपुरती राज्यांना मोकळीक मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली त्याप्रमाणे नियम केले. पण काढून टाकण्याची बंदी आठवीअखेरपर्यंत कायमच आहे. नववी ही कायद्याच्या छत्राबाहेरची पहिली इयत्ता आणि मंडळाच्या परीक्षेपूर्वीची शेवटची. या दोन दारांच्या मधल्या बोळात जे घडते ते कोणत्याही फलकावर दिसत नाही.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असे समजून कोणी खाली मान घालू नये. अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा कारभार गावोगावची शाळा-मंडळे पाहतात. मोठ्या मंडळांच्या हाताखाली अनेक हायस्कुले असतात, आणि तेथील पालकही आपल्यासारखेच ‘यांतले चांगले कोणते’ म्हणून आकडे चाळत बसतात. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या शाळा-मंडळाची एके काळी फार वाहवा झाली होती. तेथे शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण अगदी थोडे आहे असे सांगितले जाई. २००३ साली राज्य सरकारच्या तपासनिसांनी तेथील काही शाळांची दप्तरे उघडली. शाळा सोडून गेलेल्या सुमारे साडेपाच हजार मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांतील सुमारे तीन हजार मुले ‘शाळा सोडली’ या सदरात मोडावयास हवी होती, ती तशी दाखविलीच नव्हती! कोणी दुसऱ्या शाळेत गेले, कोणी अन्य मार्गाने परीक्षा देणार आहे, अशा सदरांखाली ती विरून गेली होती. सतरा नंबरच्या फॉर्मचा हा सातासमुद्रापलीकडचा भाऊच म्हणावयाचा.

परंतु तेथे पुढे एक चांगली गोष्ट झाली, तीही सांगितली पाहिजे. २००८ साली अमेरिकेच्या शिक्षणखात्याने सर्व राज्यांसाठी मोजणीचा एकच नियम केला. त्यांचे हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. नियम असा की, नववीत पहिल्यांदा दाखल झालेली सर्व मुले हा छेद. मधल्या काळात दुसरीकडून आलेली मुले त्यात मिळवावयाची; दुसऱ्या शाळेत खरोखर गेलेली, देश सोडून गेलेली अथवा मरण पावलेली वजा करावयाची. आणि चार वर्षांत रीतसर उत्तीर्ण होऊन बाहेर पडली ती मुले हा अंश. शिवाय ‘दुसऱ्या शाळेत गेला’ असे म्हणावयाचे तर त्याचा लेखी पुरावा दप्तरात हवा. तोंडी सांगणे चालावयाचे नाही. या एका नियमाने छेद शाळेच्या हातातून काढून घेतला. लबाडी अजिबात थांबली असे आम्ही म्हणत नाही. माणूस आहे तेथे पळवाट आहे. पण शाळेतून मूल घालविले तर आपलाच आकडा खाली येतो, ही धास्ती मात्र निर्माण झाली.

छेदाचे झाले; आता मोजपट्टीकडे वळू. मागील वर्षीचा निकाल आणि या वर्षीचा निकाल शेजारी ठेवून शाळा चढली की उतरली हे आपण ठरवितो. पण दोन्ही वर्षी पट्टी तीच होती काय? आपल्या राज्याच्या दहावीचेच आकडे पाहा. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली पुन्हा ९५.३० टक्क्यांवर चढला. एका वर्षात महाराष्ट्रातील मुले मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा हुशार झाली, असे मानावयाचे काय? घडले ते असे की, २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेच्या हातचे जे वीस गुण असत, ते त्या वर्षी काढून घेतले. पुढच्या वर्षी परत दिले. शिवाय २०२० साली साथीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. आणि २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही; नववीचे गुण आणि दहावीतील अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला तो ९९.९५ टक्के! मुले तीच, गुरुजी तेच, बाके तीच. पट्टी तेवढी बदलली. म्हणून एका शाळेची तुलना तिच्याच गतवर्षाशी करण्यापूर्वी त्या वर्षी राज्याचा आणि आपल्या विभागाचा निकाल किती होता, हे आधी पाहावे. सगळ्यांच्याच होड्या भरतीने उचलल्या असतील, तर आपल्या नावाड्याने मिशीवर ताव देऊ नये.

दुसरी एक चूक आपण लहान शाळांच्या बाबतीत करतो. एखाद्या खेड्यातील हायस्कुलात दहावीस वीसच मुले असतात. तेथे एक मूल म्हणजे पाच टक्के. एका वर्षी एक मूल नापास झाले, निकाल पंच्याण्णव. पुढच्या वर्षी तीन झाली, निकाल पंच्याऐंशी. गावात ओरड होते की शाळा दहा टक्क्यांनी घसरली. घसरली म्हणजे काय? दोन मुले अधिक नापास झाली. त्यांतील एकाला कदाचित ऐन परीक्षेत कावीळ झाली असेल! दोनशे मुलांच्या शाळेत तीच दोन मुले म्हणजे एकच टक्का, आणि तिकडे कोणाचे लक्षही जात नाही. एका पावसावरून दुष्काळ ठरवीत नाहीत. लहान शाळेची परीक्षा करावयाची तर तीन-चार वर्षांची मुले एकत्र मोजावी, मग बोलावे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. समजा, छेद प्रामाणिक आहे, पट्टी सारखी आहे, संख्याही मोठी आहे. तरीदेखील एका शाळेचा निकाल दुसरीपेक्षा चांगला, याचा अर्थ ती चांगले शिकविते असाच होतो काय? एका शाळेत डॉक्टर-वकिलांची, शिक्षकांची, बँकेत नोकरी करणारांची मुले येतात. घरी अभ्यासाला खोली, संध्याकाळी शिकवणी, अडले तर सांगावयास आई. दुसरीत ऊसतोड कामगारांची मुले येतात. दिवाळीनंतर आईबाप कारखान्याच्या रस्त्याला लागतात आणि मूल कधी आजीकडे, कधी पालावर. या दोन शाळांची धाव एकाच रेषेपासून सुरू होत नाही. मग केवळ शेवटची फीत कोणी तोडली एवढेच पाहून धावणाऱ्याची परीक्षा कशी करावी?

याविषयीही जगात विचार झाला आहे. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९६६ साली एक प्रचंड अहवाल सादर केला. सुमारे चार हजार शाळा आणि लाखो विद्यार्थी यांची पाहणी करून त्यांनी दाखविले की, मुलांच्या परीक्षेतील यशात जो फरक दिसतो, त्याच्याशी शाळेच्या इमारती आणि साधने यांपेक्षा घरच्या परिस्थितीचा संबंध कितीतरी अधिक आहे. त्यावर वाद पुष्कळ झाले. ‘मग शाळा हवीच कशाला’ असाही काहींनी अर्थ काढला. तो चुकीचा आहे. त्यातून घ्यावयाचा धडा एवढाच की, कच्चा निकाल बऱ्याच अंशी शाळेच्या दाराशी कोण येते हे सांगतो. दाराच्या आत काय घडते हे तो फारच थोडे सांगतो. इंग्लंडात १९९२ पासून शाळांचे निकाल तक्त्यांच्या रूपाने छापू लागले आणि तेथेही हाच गोंधळ झाला. तेव्हा २०१६ पासून तेथे माध्यमिक शाळांसाठी नवी रीत आली. प्राथमिक शाळेच्या अखेरीस मूल कोठे होते, आणि त्याच पायरीवरून निघालेली देशभरची मुले सोळाव्या वर्षी सरासरीने कोठे पोचली, हे पाहावयाचे. त्यांच्यापुढे या शाळेची मुले किती गेली अथवा मागे किती राहिली, ती शाळेची कमाई. साठावरून सत्तरवर नेणारापेक्षा वीसावरून पन्नासावर नेणारा गुरू थोर, हे आपल्या आजीलाही कळत होते. तिकडच्या सरकारने ते आकड्यांत मांडले एवढेच.

आपल्याकडे हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. त्यांच्या दाराशी आलेली मुले कोणाच्या निकालाची शोभा वाढविण्यासाठी निवडलेली नव्हती. ज्यांच्या घरात अक्षर शिरले नव्हते अशांची ती मुले होती. भाऊरावांनी ‘धोक्याच्या’ मुलांची यादी करावयाची ठरविली असती, तर त्यांचे वसतिगृहच ओस पडले असते! महाराष्ट्रात शिक्षण खेड्यापाड्यांत पोचले ते असे छेद वाढविणाऱ्या माणसांनी. अंश त्यामागून आपोआप वाढत गेला.

तर मग आपण, या गावातील साध्या माणसांनी, काय करावे? इंग्लंड-अमेरिकेसारखी यंत्रणा आपल्या हातात नाही. पण शाळेचे जनरल रजिस्टर प्रत्येक शाळेत आहे. कोणते मूल कधी आले, कोणत्या वर्गात आले, कधी गेले आणि दाखल्यावर कारण काय लिहिले, हे सर्व त्यात असते. तेव्हा आम्ही चार प्रश्न सुचवितो. जूनमध्ये प्रवेश घेताना पालकांनी मुख्याध्यापकांना ते नम्रपणे, पण खुर्चीवर बसून, विचारावे.

पहिला प्रश्न : यंदा दहावीस बसलेला वर्ग दोन वर्षांपूर्वी आठवीत होता, तेव्हा त्यात किती मुले होती?

दुसरा : त्यांतील किती जणांनी दाखला काढला, किती नववीत मागे राहिली, किती मधूनच बंद झाली? दाखला काढलेल्यांनी पुढे दुसऱ्या शाळेत नाव घातले काय?

तिसरा : गेल्या तीन वर्षांची मिळून परीक्षेस बसलेली आणि पास झालेली मुले किती?

चौथा : वर्गातील सर्वांत मागच्या दहा मुलांसाठी शाळा काय करते?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळणार नाही. आणि त्यावरूनच शाळा सर्वांत चांगली कळते. पहिल्या दहा मुलांसाठी प्रत्येक शाळा काही ना काही करतेच, कारण त्यांचे फोटो फलकावर जावयाचे असतात. शेवटच्या दहांसाठी संध्याकाळी एक शिक्षक थांबत असेल, तर त्या शाळेचा निकाल ऐंशी लागो की नव्वद, आपले मूल तेथे खुशाल घालावे. मूल पहिल्या दहांत निघाले तर त्याचे नुकसान नाही, आणि शेवटच्या दहांत निघाले तर त्याला कोणी हाकलून देणार नाही.

आणि या वाचनालयास आमची एक विनंती आहे. दरसाल निकालानंतर तालुक्यातील सर्व हायस्कुलांकडून हे पहिले तीन आकडे मागवावे आणि दारातील फळ्यावर शेजारीशेजारी खडूने लिहावे. कोणाची निंदा नको, स्तुती नको, पहिला-दुसरा क्रमांकही नको. आठवीत आलेली, मध्येच गेलेली, बसलेली, पास झालेली एवढेच लिहावे. ज्या शाळा आकडे देणार नाहीत त्यांच्या नावापुढे जागा कोरी सोडावी. कोऱ्या जागेलाही वाचता येते. पहिल्या वर्षी दोनच शाळा देतील, तिसऱ्या वर्षी सगळ्या देतील, असा आमचा गावाच्या स्वभावावर विश्वास आहे. काहींना भीती वाटेल की, असे केले तर शाळा कच्ची मुले आठवीतच घेणार नाहीत. छेद शेवटी कापता येत नाही म्हणून आरंभीच कापतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच प्रवेश कोणास नाकारला याकडेही गावाचे लक्ष हवे. तो नाकारला जाऊ नये यासाठी कायदा आहे. पण जो मागतो त्यालाच कायदा हात देतो, आणि मागण्याइतके बळ हमालाच्या अंगी एकट्याने येत नाही. ते गावाने द्यावयाचे असते.

भगिनींनो आणि बंधूंनो, फार बोललो. सेवानिवृत्त होण्यापूर्वी एका सुट्टीत आम्ही आमच्या शाळेचे जुने रजिस्टर काढून बसलो होतो. २००४ सालच्या त्या सात नावांपुढे, ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात, सातही ठिकाणी एकच वाक्य होते : ‘पालकांच्या इच्छेवरून’. अक्षर आमचेच होते. त्या हमालाची इच्छा काय होती ते त्याने आम्हांस विचारून दाखविले होते, आणि आम्ही त्यास ‘नाही, नाही’ असे उत्तर दिले होते. पुढच्या महिन्यात चौकात पुन्हा फलक लागतील. ते वाचताना आपण क्षणभर थांबून मनाशी एवढे विचारावे की, हे शंभर कितींपैकी? हा प्रश्न गावातील दहा माणसे विचारू लागली, तर तो रकाना लिहिताना कोणा शिक्षकाचा हात थबकेल. एवढे झाले तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे आम्ही समजू.